स्थळ बघायला वरून या

लेकाचं लग्न जमवायचं असेल तर आधी घरावरचे पत्रे झाका. आमच्या पुतण्याची सोयरीक परवा त्यावरूनच मोडली. उदगीरकडचे पाव्हणे यायचे होते, पोहे भिजत घातले होते. पाव्हण्यांऐवजी मध्यस्थाचा फोन आला. "त्यांनी मोबाईलातल्या उपग्रहाच्या नकाशात घर बघितलं म्हणे. पत्र्याचं हाय, शेततळंबी कोरडं दिसायलंय."

तर शेततळं बारमाही भरून ठेवा, लागलं तर टँकर लावा. उपग्रह कधी डोकावेल सांगता येत नाही. आमच्याकडं तो दोन वर्षांपूर्वी ऐन वैशाखात डोकावला आणि नकाशात तेव्हापासून वैशाखच चालू आहे. मागच्या दिवाळीला पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब पडला, पण वरच्याला अजून खबर नाही.

गच्चीवर बाज टाकून झोपायला हरकत नाही. बाजारात मिळणाऱ्या चांगल्यातल्या चांगल्या उपग्रहचित्रात एक ठिपका तीसेक सेंटीमीटरचा असतो, त्यात तोंड ओळखू येत नाही. फक्त ऐपत ओळखू येते.

सातबारा लपवायच्या भानगडीत पडू नका. गट नंबर टाकला की बँकेचा बोजासुद्धा घरबसल्या दिसतो.

कुठं दाद मागावी म्हणाल, तर २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय. तो आमच्या फाट्यावर अजून उतरायचाय. २००५ साली खुद्द राष्ट्रपती कलामांनी या चित्रांबद्दल काळजी बोलून दाखवली होती, पण ती देशाच्या मोक्याच्या ठिकाणांची. त्यात आमचा गोठा कुठून बसणार?

पीक विम्यासाठी मात्र या डोळ्याच्या नादी लागू नका. सप्टेंबरात सोयाबीन पाण्यात होतं. बहात्तर तासांच्या आत कळवलं, गुडघाभर चिखलात उभं राहून फोटो काढले, चकरा मारल्या. शेवटी उत्तर काय, तर त्या दिवसांत ढग होते, वरून नीट दिसलं नाही! अरे, ढगातून बघणारा रिसॅट-१ इस्रोनं २०१२ सालीच सोडला होता की! माझं कोरडं तळं पाव्हण्याला दिसतं आणि बुडालेलं रान साहेबाला दिसत नाही? द्यायचं नाही म्हणा, ढगाला कशाला बदनाम करता?

आणि ते पत्रे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, माळवदाखाली, म्हणजे मातीच्या जड छताखाली, झोपलेली घरंच्या घरं गेली. त्यानंतर वडिलांनी आमच्या माळवदाची माती उतरवली आणि पत्रे टाकले, लेकरं जगावीत म्हणून. ही गोष्ट लातूरकडच्या माणसाला समजावून सांगायची वेळ यावी?

पाव्हणे, चाळीस किलोमीटरवर गाव आहे, एसटी येते. आला असता तर पोरगा दिसला असता, त्याची आई दिसली असती. पोरीला त्या दोघांत राहायचंय, पत्र्यात नाही. ते सोडून बोटांनी आमचं घर मोठं करून बघता, त्याचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकता, वर "पार्टी कमजोर हाय" म्हणता? लाज वाटायला पाहिजे.

खोटं कशाला बोलू, रागाच्या भरात मीही त्या रात्री तुमचं घर शोधलं. तुमच्याही मागच्या बाजूला पत्रेच आहेत.