समुद्रदेवाचा त्रिशूळ आणि मुरूडच्या काकू

मागच्या रविवारी माझ्या ड्वॉर्फला, म्हणजे खेळातल्या माझ्या बुटक्या पात्राला, एकदाचं शस्त्र मिळालं. ऐरंगैरं नाही, 'वेव्ह'! डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांना एवढं नाव पुरे. बाकीच्यांसाठी सांगतो, फासे टाकत गोष्ट रंगवायच्या या खेळात १९७९ पासून मिरवणारा हा समुद्रदेवाचा त्रिशूळ. अधिक तीनचा बोनस, पाण्यात श्वास, माशांवर हुकमत, आणि वीस बाजूंच्या फाशावर थेट वीस पडलं की समोरच्याच्या एकूण हिट पॉइंटांपैकी, म्हणजे जिवापैकी, निम्मे जास्तीचे उडाले. फक्त आमच्या डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मित्राने, तो दिला वाळवंटात. जवळचा मासा पंधरा दिवसांच्या वाटेवर, तोही सुकवलेला.

बरं, हा त्रिशूळ स्वतः विचार करतो. पुस्तकात त्याची बुद्धी १४ आणि कॅरिझ्मा, म्हणजे छाप पाडायची ताकद, १८ दिलाय. माझ्या ड्वॉर्फचे अनुक्रमे ९ आणि ८. समुद्रदेवाच्या भक्तालाच तो वश होतो. दिसेल त्याला त्या देवाच्या भजनी लावायचं आणि न ऐकणाऱ्याला मारायचं, हा त्याचा ध्यास. करमेनासं झालं की खलाशांची गाणी नाहीतर स्तोत्रं गुणगुणतो. माझा ड्वॉर्फ खाणीत वाढलेला, विहिरीपेक्षा मोठं पाणी त्याने पाहिलेलं नाही. तरी मी मुकाट धर्म बदलला.

त्रिशूळाच्या वतीने बोलायचं काम डीएमचं. पण त्याला नेमका ऑफिसचा फोन आला आणि गॅलरीत जाता जाता तो ओरडला, "आई, तू बोल गं जरा त्रिशूळाचं."

काकू मूळच्या मुरूडच्या. भज्यांची परात बरोबर आमच्या नकाशावर ठेवून त्या बसल्या.

"मी कोण आता?"

"त्रिशूळ, काकू. समुद्रदेवाचा."

"मग नारळ कुठाय?"

"यात नारळ नसतो."

"देवाची वस्तू हातात घेतोस आणि नारळ नाही? हात तरी धुतलेस का?"

हात भज्यांनी तेलकट झाले होते. मी विषय बदलला. समोर महाकाय विंचू उभा होता. "काकू, मी हल्ला करतो."

"त्याला विचारलंस का, देवाला मानतो का ते?"

हे अगदी पुस्तकाबरहुकूम होतं, हीच तर पंचाईत.

"आणि मासे ऐकतात म्हणे तुझं? दोन पापलेटं बोलाव. बाजारात हात लावायची सोय राहिली नाही."

"वाळवंट आहे हो काकू."

"आणि पाणी असतं तरी काय रे? जुलै चाललाय. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय आमच्याकडे होडी बाहेर काढत नाहीत. तोवर हा त्रिशूळ बंद!"

टेबलावर टाळ्या. एल्फचं पात्र खेळणारी मैत्रीण तर उभी राहिली. फोन आटपून आलेल्या डीएमने सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे वहीत लिहिलं. शस्त्राशी मतभेद झाले की दोघांच्या नावाने कॅरिझ्माचा फासा टाकायचा, ज्याचे जास्त तो जिंकला. माझे पडले ५, त्यातूनही कमी कॅरिझ्मापायी एक वजा. शस्त्राने आपले सगळे गुण काढून घेतले. विंचवाने नांगी मारली, तेव्हा काकू खरंच काहीतरी गुणगुणत होत्या.

लोकांना हे सांगितलं की हसतात. हसण्यासारखं काही नाही. गुण काढून घेतल्यावर हातात राहतो साधा त्रिशूळ, आणि आमचा डीएम कवटाळून बसलाय त्या २०१४ च्या नियमांत साधा त्रिशूळ म्हणजे शुद्ध लुबाडणूक. किंमत पाच सुवर्णमुद्रा, वजन चार पौंड, मार सहा बाजूंच्या फाशाचा. भाल्याला एक मुद्रा, वजन तीन पौंड, मार तोच, फेकायचं अंतर तेच. पाण्याखाली चालतो म्हणावं, तर भालाही चालतो. वर भाला जवळपास कोणीही चालवावा, त्रिशूळाला लढवय्याचं शिक्षण हवं. जास्तीची दोन टोकं काय पाठ खाजवायला दिली? २०२४ च्या नियमांत त्याला आठ बाजूंचा फासा मिळाला एकदाचा. आमच्या टेबलावर तो पोहोचलेला नाही. "नवी पुस्तकं महाग आहेत रे," असं डीएम म्हणतो. हाच माणूस दर महिन्याला धातूचे फासे मागवतो.

काकू यापुढे कायमच्या त्रिशूळ, हे माझ्या गैरहजेरीत ठरलं. मी मेसेज करून कळवलं, माझा ड्वॉर्फ एक मुद्रा देऊन भाला घेतोय. पाठीवरच्या त्रिशूळाचं लगेच उत्तर आलं: "एक मुद्रा? लुटलं तुला. मुरूडला दोन आले असते."