गाडी सुटते, पोरी बाद होतात

दरवर्षी तेच! हाऊसच्या, म्हणजे शाळेतल्या पोरापोरींच्या गटांच्या, स्पर्धा शाळा सुटल्यावरच घ्यायच्या. काहून? खेड्यावरच्या पोरींची एसटी तोवर निघून जाते, हे शाळेत कोणाला माहीत नाही? अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या पोरींना मोफत पास आहे. पण शेवटची गाडीच गेल्यावर पास घेऊन पोरीनं घरी यायचं कसं?

मग कबड्डी असो की वक्तृत्व, निवड शाळेजवळच्याच पोरांची. वरून सर म्हणतात, "खेड्यावरच्या पोरी भागच घेत नाहीत." अहो, रोज पाणी भरणाऱ्या, सुटीत कापूस वेचणाऱ्या पोरी आहेत या. खो-खोत त्यांच्या पळतीला कोण पुरते, एकदा पाहा तरी! शासकीय क्रीडा स्पर्धांतल्या कामगिरीवर दहावीला सवलतीचे गुण मिळतात. त्याची वाटही इथंच बंद होते.

वेळापत्रकात खेळाचा तास आहे ना? तो गणितासाठी ओढून घेता, तो सोडा. नाहीतर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मैदान रिकामंच असतं. पालकसभेत बोललो, लिहूनही दिलं. यंदाच्या पत्रकात पुन्हा वेळ सायंकाळी ५ची! बदला ती.