‘ॲसिटोनायट्राइल घाला आणि मोकळे व्हा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं, की एलसी-एमएस-एमएस (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून मोजणारं मशीन) हाताशी असताना, रक्ताच्या प्लाझ्मातून औषध वेगळं काढायला (एक्स्ट्रॅक्शन) इथाइल ॲसिटेट की हेक्झेन हा काथ्याकूट आता कालबाह्य झालाय; सॉल्व्हंट (द्रावक) कुठलंही चालतं. प्लाझ्मात तिप्पट ॲसिटोनायट्राइल घालायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचा द्रव मशीनमध्ये इंजेक्ट करायचा, संपलं.

प्रथिनांपुरतं संपलं, कबूल; ती साका होऊन खाली बसतात. पण फॉस्फोलिपिड्स (पेशींच्या आवरणातले स्निग्ध रेणू) मोठ्या प्रमाणात त्या वरच्या द्रवातच राहतात; मिथेनॉल वापरलंत तर आणखी जास्त. ट्यूब उजेडात धरली तर नमुना नितळ दिसतो, आणि तिथेच फसगत होते. औषध कॉलममधून (घटक वेगळे करणाऱ्या नळीतून) बाहेर पडताना फॉस्फोलिपिड्सही सोबत आली, की इलेक्ट्रोस्प्रेमध्ये (रेणूंचे आयन बनवणाऱ्या भागात) औषधाचं आयनीकरण दबतं. मशीन कितीही संवेदनशील असो, जे आयन तयारच झाले नाहीत ते मोजणार कसे? खात्री करायची तर कोऱ्या (औषध नसलेल्या) प्लाझ्माचा अर्क 184 → 184 ट्रान्झिशनवर, म्हणजे फॉस्फोलिपिड्सची खूण असलेल्या आयनवर, चालवा आणि तुमच्या औषधाच्या वेळेला तिथे काय दिसतं ते बघा.

आता ‘सॉल्व्हंट कुठलंही चालतं’ या वाक्याबद्दल. मॉर्फिन घ्या. त्यात अमाइनही आहे (आम्लात भार घेणारा गट) आणि फिनॉलही (क्षारीय द्रवात भार घेणारा), त्यामुळे पीएच फार खाली गेला तरी रेणूवर विद्युतभार, फार वर गेला तरी भार; आणि भार असलेला रेणू पाणी सोडून सॉल्व्हंटमध्ये सहसा येत नाही. 9 च्या आसपास जेमतेम वाट मिळते, आणि तिथेही हेक्झेन त्याला दारात उभं करत नाही. म्हणून तर क्लोरोफॉर्ममध्ये आयसोप्रोपेनॉल मिसळतात. ॲम्फेटामाइनचं उलट: नमुना क्षारीय केला की ते एमटीबीईमध्ये (एक सेंद्रिय सॉल्व्हंट) सहज येतं, पण नायट्रोजनखाली सुकवताना उडून जातं. सुकवण्याआधी मिथेनॉलमधलं थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की त्याचं मीठ (सॉल्ट) बनून ते जागेवर राहतं. (कोकेनच्या नमुन्यावर मात्र क्षारीय करून रेंगाळू नका, त्याच्या रेणूतला एस्टर बंध तुटतो.)

पॅरासिटामॉलसारखं, मिलिलिटरला 10–20 मायक्रोग्रॅम इतकं भरपूर सापडणारं औषध मोजायचं असेल तर तुमचीच पद्धत बरी, उगाच एक्स्ट्रॅक्शनचा घाट घालू नये. फक्त तो पाऊणभाग ॲसिटोनायट्राइल असलेला द्रव थेट इंजेक्ट करू नका. मोबाइल फेजची (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवाची) सुरुवात बहुतांश पाण्याने असते. पॅरासिटामॉल लवकर बाहेर येतं, आणि त्याचा पीक (आलेखावरचा उंचवटा) पसरतो किंवा दुभंगतो. आधी पाण्याने पातळ करा.