जीजे-१५ ची एमएच-१५ करताना

आज दुपारी भाच्यानं एक रील पाठवलं आणि तेव्हापासून डोकं जे तापलंय ते दोन चहा झाले तरी उतरेना, म्हणून लिहितोय. लांबणार आहे, वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढं जा.

रीलमध्ये गॉगल लावलेला एक पोरगा. मागं ओळीनं गाड्या, सगळ्या गुजरात-दमण पासिंगच्या. आणि हा बोलतोय, "महाराष्ट्रापेक्षा लाखभर स्वस्त, पासिंग बदलायची झंझट नाही, टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी नावावर करायच्या कागदावर, मालकाची सही आमच्याकडं तयार, वर्षभर बिनधास्त फिरवा, पुढचं पुढं बघू." खाली लोकांची रांग, 'प्राइस प्लीज', 'प्राइस प्लीज'. आणि भाच्याचा मेसेज, "मामा, घेऊन टाकू का? तू पण तिकडूनच आणली ना."

आणली. पण 'पुढचं पुढं बघू' म्हणून नाही आणली रे बाबा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गेल्या उन्हाळ्यात पारडीच्या बाजूला एका काकांकडून डिझायर घेतली, पेट्रोल, २०१७ चं मॉडेल. आपल्या नाशिकहून करंजाळी, पेठ करत खाली उतरलं की गुजरात लागतं, मग कपराडा, नाना पोंढा आणि पारडी. मुंबईला जायला लागतो तेवढाच वेळ. काकांनी सत्तरी ओलांडलेली, आंब्याची वाडी, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी चालवणं बंद, पोरगा कॅनडात. गाडी बघायला गेलो तर त्यांनी आधी फाईल पुढं केली. पहिल्या पानावर शोरूमचं ओरिजिनल बिल, त्यामागं प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती तारखेनं लावलेली, टायर बदलल्याचीसुद्धा, आणि प्रत्येक पावतीच्या कोपऱ्यात पेनानं गुजरातीत काहीतरी लिहिलेलं. मी विचारलं हे काय, तर म्हणे त्या दिवशी किती किलोमीटर झाले होते ते. अशा माणसाशी भाव काय करणार? थोडा केला, काकूंनी मध्येच आमरस आणून ठेवला आणि विषय संपला.

आता त्या रीलवाल्याचं ऐकून मी काय करायला हवं होतं? काकांची सही घ्यायची, फॉर्म डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकायचे आणि जीजे-१५ ची, म्हणजे वलसाडची, पाटी घेऊन गंगापूर रोडला मिरवायचं. आणि उद्या सावळ घाटात कोणाला माझी धडक बसली तर? सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्वच्छ सांगून ठेवलंय, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, ज्याचं नाव तोच मालक, गाडी विकली होती, चावी दिली होती, हे सगळं सांगून सुटका नाही. म्हणजे गाडी चालवणार मी, ठोकणार मी, आणि अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या ट्रिब्युनलची नोटीस जाणार त्या वाडीवर, ज्या माणसाला धड दिसतही नाही त्याच्या हातात. हे त्या गॉगलवाल्याला कळत नसेल असं मला वाटत नाही. कळतंय. फक्त त्याचं कमिशन तोवर खिशात गेलेलं असतं.

आणि ते 'एक वर्ष चालतं' हे तर अर्धवट ज्ञानाचं टोक आहे. बारा महिने ही मुदत मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमात आहे खरी, पण ती दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीला नवा नंबर घेण्यासाठी. तुम्ही गाडी विकत घेतली तर नाव बदलायला कलम ५० लागतं, त्यात घेणाऱ्याला ३० दिवस. विमा आपल्या नावावर करायचा अर्ज तर १४ दिवसांत द्यायचा असतो, नाहीतर स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं की कंपनी हात वर करते. पण रीलमध्ये तीस दिवस सांगितले तर गाडी कोण घेणार!

असो. इथपर्यंत राग रीलवाल्यावर होता. आता खरा राग.

ही असली दुकानं का चालतात? कारण सरळ रस्ता इतका महाग आणि वाकडा करून ठेवलाय की साध्या माणसाला वाकडी वाट सोपी वाटते. बघा. काकांनी गाडी घेतली तेव्हा एकरकमी टॅक्स भरला, गाडीच्या आयुष्यभराचा. मग ती गाडी पेठचा घाट चढून वर आली. त्याबरोबर तिचं आयुष्य परत सुरू झालं की काय? कारण इथं पुन्हा टॅक्स. गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो हे मान्य, पण धरतात तो मूळ बिलाच्या किमतीवर, मी दिलेल्या किमतीवर नाही. पाच आकडी रक्कम गेली राव, त्या पैशात माझ्या दुकानातल्या ड्रीपच्या फिटिंग्जचा अख्खा माल भरून झाला असता. आणि आधी भरलेल्याचं काय? तर परतावा मिळतो, नियम आहे, अर्ज करा. कुठं? जिथं भरला तिथं. कधी? इथं टॅक्स भरून नवीन आरसी हातात आल्यावर. म्हणजे आधी दोन्हीकडं पैसे अडकवा आणि मग एका राज्याचा कागद दुसऱ्या राज्यात नेऊन सिद्ध करा की गाडी आता तिथं नाही. दोन्ही राज्यांचा डेटा एकाच 'वाहन' पोर्टलवर आहे हो! जुन्या आरटीओची ना-हरकत, म्हणजे एनओसी, त्याच सिस्टिममधून निघते, नवा नंबर त्याच सिस्टिममध्ये चढतो. तिथं दिसत नाही का गाडी कुठं गेली ते?

आणि गंमत बघा, हीच गाडी मी गडचिरोलीहून आणली असती, आठशेच्या आसपास किलोमीटर, महाराष्ट्राच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, तर एक रुपया टॅक्स नव्हता, नंबरसुद्धा एमएच-३३ तसाच राहिला असता. घाटाखालून आणली तर शिक्षा. जीजे-१५ ची एमएच-१५ झाली, १५ चा आकडा तोच, फक्त दोन अक्षरांचे एवढे पैसे.

काम करताना माणसांनी त्रास दिला असं मी म्हणणार नाही. दोन्हीकडच्या खिडकीवर लोक बरे भेटले. कागद तरी किती, २७, २८, २९, ३० नंबरचे फॉर्म, एनओसी, चोरीची गाडी नाही याचा एनसीआरबीचा रिपोर्ट, पीयूसी, विमा, आणि तो चेसिसचा ठसा. तो प्रकार कोणी पाहिलाय का? बोनेट उघडून आत वाकायचं, कोरलेल्या नंबरावरची धूळ-ग्रीस फडक्यानं पुसायची, वर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी करून घासायची, मग एकेक आकडा काळ्यातून पांढरा उमटतो. लहानपणी नाण्याचा ठसा काढायचो तस्सं. काकांच्या अंगणात हे चाललेलं तेव्हा ते शेजारी स्टूल टाकून बसले होते आणि एकेक आकडा आरसीशी ताडून बघत होते, भिंगानं. त्यांच्या पोरानं तेवढ्यात व्हिडिओ कॉल केला.

आता हा भाग मुद्दाम सांगतो. तो पोरगा म्हणाला, अंकल, मी इथं गेल्या-गेल्या वापरलेली गाडी अमेरिकेतून आणली होती, तेव्हा तिकडं स्वस्त पडायची. कसं केलं विचारलं तर म्हणे, गाडीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, अमेरिकेच्या कस्टम्सला बॉर्डरवर पोचायच्या ७२ तास आधी पाठवायचं, कंपनीचं पत्र घ्यायचं की एकही रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीनं गाडी परत बोलावणं) बाकी नाही, बॉर्डरवर टॅक्स आणि फी भरायची, आत आल्यावर ४५ दिवसांत तपासणी करून घ्यायची, दिवसा पेटणारे पुढचे दिवे नसतील तर बसवून घ्यायचे, मग नंबर. कटकट तिथंही आहेच, फुकट तर अजिबात नाही. पण घरातून निघायच्या आधी त्याला माहीत होतं किती भरायचे आणि कुठं भरायचे. दोन वेगळे देश, मध्ये खरीखुरी सरहद्द, पासपोर्ट दाखवावा लागतो अशी. आणि इकडं त्याचा बाप आणि मी, एकाच देशात, परताव्याचा अर्ज नक्की कोणाच्या नावानं करायचा यावर डोकं खाजवत बसलेलो. मग तो हसत म्हणाला, आता येताना हीच गाडी घेऊन येऊ का पप्पा? काका म्हणाले, तुझं स्टेअरिंग डावीकडं, तुला भारतात घेत नाहीत. बरोबर आहे, परदेशातली जुनी गाडी आणायची तर स्टेअरिंग उजवीकडं हवं आणि तीन वर्षांच्या वरची चालत नाही. काकांना हे माहीत होतं! म्हणजे कधीतरी त्यांनी चौकशी केली असणार. पोरगा परत येईल म्हणून. मी काही बोललो नाही.

निघताना काकूंनी गाडीला कुंकू लावलं, डिकीत हापूसची पेटी ठेवली, आणि काका गुजरातीत एवढंच म्हणाले, "साचवजो," म्हणजे सांभाळा. अशा माणसाच्या नावावर मी गाडी लटकत ठेवायची?

आता कमेंटमध्ये येणारी मंडळी, थांबा. टॅक्स हा राज्याचा विषय आहे, मला माहीत आहे, घटनेच्या सातव्या अनुसूचीत वाहनांवरचा कर राज्यांच्याच यादीत आहे. आणि गुजरातेत ६ टक्के, आपल्याकडं पेट्रोलला ११ पासून सुरू, म्हणजे सूट दिली तर अर्धं नाशिक वापीला जाऊन गाड्या घेईल, हेही खरं. ठीक आहे, मानलं. मग फरक घ्या ना! तिकडं भरलेला वजा करा, उरलेला माझ्याकडून घ्या, मी हसत भरतो, आणि तो वजा केलेला हिशोब तुम्ही दोन सरकारं आपसात मिटवा. जीएसटीत राज्याराज्यांचा वाटा वळता होतोच की २०१७ पासून. 'रस्ते राज्याचे, म्हणून टॅक्स राज्याचा' हे तर मला सांगूच नका, मी गाडी आणली तो रस्ता ८४८ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग आहे, आणि पावसाळ्यात त्याची काय अवस्था असते ते पेठकरांना विचारा.

'बीएच सिरीज (सगळ्या राज्यांत चालणारा नंबर) आहे की' म्हणणाऱ्यांनाही आत्ताच उत्तर देतो. २०२१ पासून आहे, छान आहे, पण ती सरकारी नोकरांना आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या कंपन्यांतल्या लोकांना. माझं ऑफिस दिंडोरी रोडला एक गाळा आहे, शटर अर्धं अडकतं.

आणि ज्या दोघातिघांनी मागं लिहिलं होतं की 'मग महाराष्ट्रातलीच घ्यायची ना', त्यांनी मला इथं त्या किमतीत तशी फाईल असलेली गाडी दाखवावी. ऑनलाइनवाल्यांच्या पॉलिश मारलेल्या गाड्या नकोत, किलोमीटर मागं फिरवलेल्या तर नकोतच.

भाच्याला मी फोन केला, ओरडलो नाही. गुजरातची घ्यायची तर घे, पण मालकाला स्वतः भेट, ओरिजिनल बिल आहे का बघ, कर्ज होतं तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५ घे, आणि टॅक्सचे पैसे गाडीच्या किमतीत धरून मगच स्वस्त की महाग ते ठरव. तो म्हणाला मग लाखभर काही वाचत नाही मामा. नाहीच वाचत. मला वाचले ते बरेच कमी, पण गाडी झकास आहे.

एक काम आहे. कोणाला दुसऱ्या राज्यातून टॅक्सचा परतावा खरोखर खात्यात आला असेल तर खाली लिहा, कोणत्या राज्यातून आणि काय काय जोडलं होतं. टॅक्स काकांनी भरलेला, त्यामुळे अर्ज त्यांच्या नावानं जाणार आणि आले तर पैसे त्यांचेच, असं आमचं ठरलंय, माझ्याकडं फक्त कागद गोळा करायचं काम आहे. ऐकीव माहिती नको. आणि एजंटांनी इनबॉक्समध्ये येऊ नये.