“नको असेल तर ॲप डिलीट करा” म्हणणाऱ्यांना

एक मेसेज परत फिरतोय. सोशल मीडिया कंपन्यांबद्दल बोलणारे व्हिसलब्लोअर, म्हणजे आतली गडबड बाहेर सांगणारे कर्मचारी, हे काढून टाकलेले नाराज लोक, पैसा आणि प्रसिद्धी हवी असते त्यांना. लोक काहीही पोस्ट करतात त्याला कंपनी काय करणार. त्रास झाला तर रिपोर्टचं बटण आहे, नाहीतर ॲप डिलीट करा. ऐकायला पटतं, म्हणूनच उत्तर द्यायला हवं.

पैसा? सोफी झँग ही फेसबुकची डेटा सायंटिस्ट, तिला कंपनीने २०२० मध्ये काढलं, जाताना सुमारे ६४ हजार डॉलर मिळत होते पण कंपनीविरुद्ध बोलणार नाही अशी सही करायची होती, तिने ते पैसेच घेतले नाहीत. आणि फेसबुकमध्येच काम केलेली फ्रान्सिस हॉगेन नाराज होती असं धरून चाललं तरी २०२१ ला तिने बाहेर आणलेली कागदपत्रं कंपनीचीच होती ना. दर तीन टीनएज मुलींपैकी एकीला शरीराबद्दल वाटणारा न्यूनगंड आपण वाढवतो, हे फेसबुकच्याच मालकीच्या इन्स्टाग्रामबद्दल त्यांच्याच रिसर्चर्सनी २०१९ च्या स्लाइडवर लिहिलंय. कंपनी म्हणाली की हा आकडा आधीपासून तो त्रास असलेल्या मुलींचाच आहे. म्हणजे ज्या आधीच खचल्यात त्यांना अजून खचवतोय हे माहीत होतं, ही सफाई झाली का?

लोक पोस्ट करतात हे खरं, पण कुठली पोस्ट वर दिसणार ते कंपनीच ठरवते. २०१७ पासून फेसबुक रागाच्या इमोजीला लाइकच्या पाचपट वजन देत होतं, अशा पोस्टमध्ये खोटं आणि विखारी जास्त असतं हे त्यांच्याच डेटावाल्यांनी दाखवल्यावरही ते शून्यावर यायला २०२० उजाडलं.

आता रिपोर्टचं बटण, सगळ्यात जास्त चीड मला याचीच येते. आर्टुरो बेहार हा फेसबुकमध्ये युजर सेफ्टीची साधनं बनवणाऱ्या टीमचा प्रमुख होता, नंतर इन्स्टाग्रामसाठी सल्लागार म्हणून परत आला. तेव्हाच्या अंतर्गत सर्व्हेत १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींपैकी १३ टक्के जणांनी सांगितलं की मागच्या सात दिवसांत त्यांच्याशी नकोशी लैंगिक जवळीक साधायचा प्रयत्न झाला. सात दिवसांत! आणि १४ वर्षांच्या मुलीला घाणेरडा मेसेज आला तर “मला असा त्रास होतोय” हे सोप्या भाषेत सांगायची सोयच नव्हती, असं बेहारचं म्हणणं. कारण बटण नियम मोडला का एवढंच विचारतं, आणि त्रास देणारे बरेचसे मेसेज नियमात बसतात, मग ते आकडेवारीत येतच नाहीत आणि कंपनी सांगते की प्रमाण नगण्य आहे. त्याने हे थेट झकरबर्गला ईमेलने कळवलं, ऑक्टोबर २०२१ मध्ये, हॉगेन अमेरिकेच्या सिनेटसमोर साक्ष देत होती त्याच दिवशी. उत्तर आलं नाही, असं त्याने २०२३ ला स्वतः सिनेटला सांगितलं.

डिलीट करा म्हणणं मोठ्यांना सोपं आहे. अख्खा वर्ग जिथे बोलतो तिथून तेरा वर्षांच्या पोरीने एकटीने उठून जायचं आणि छळणारा तिथेच राहणार, हा कुठला न्याय?

आणि या कंपन्यांवर बाहेरून नजर असावी ही मागणी काही अवाजवी नाहीये. युरोपियन युनियनमध्ये डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट या कायद्यानुसार तिथे महिन्याला साडेचार कोटी किंवा जास्त युजर असलेल्या प्लॅटफॉर्मना दरवर्षी धोके तपासावे लागतात, बाहेरचं ऑडिट करून घ्यावं लागतं, संशोधकांना डेटा द्यावा लागतो, आणि नाही केलं तर जगभरातल्या उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.