इम्पालाच्या टिकटिकीबद्दल गॅरेजचं उत्तर

नमस्कार साहेब. ऐन लग्नसराईत तुमची जुनी शेवरले इम्पाला गाडी अडकली आणि फोनवर आमचा पोरगा नीट बोलला नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण "सोळा नट फिरवायला दोन दिवस गाडी डांबून ठेवली, ४,५०० रुपये घेतले आणि सकाळी टिकटिक आहे तशीच" असं तुम्ही चारचौघांत लिहिलंत. ते वाचून काल एका जुन्या गिऱ्हाइकाने ठरलेलं काम पुढे ढकललं. म्हणून बोलावं लागतंय.

पैशांचं राहू द्या. दोन दिवसांचं सांगतो.

गाडी तुम्ही सांगलीहून भर दुपारी चालवत आणलीत. इंजिन तापलेलं, आणि तक्रार सकाळच्या आवाजाची. तो आवाज दुपारी मी कुठून ऐकणार? आमच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा, गार इंजिनाची तक्रार गार इंजिनावरच बघतात. पहिली रात्र त्यात गेली.

सकाळी टॅपेट कव्हर (इंजिनाच्या व्हॉल्व्हवरचं झाकण) काढलं तर आधी कुणीतरी "आवाज येतोय ना, मग आवळा" असा कारभार करून ठेवलेला. मारुती ८०० ला फिलर गेज (पातळ मोजपट्टी) घालून व्हॉल्व्हपाशी बारीक गॅप ठेवतात. तुमच्या व्ही-एटला, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाला, हायड्रॉलिक टॅपेट आहेत, व्हॉल्व्ह उघडायला धक्का देणारे, ऑइलने भरलेले. त्यांना गॅप नसतो. आत स्प्रिंगवर बसलेला प्लंजर असतो, खाली ऑइल. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचा नट ढिला करायचा, खडखड सुरू झाली की हळूहळू आवळायचा, आणि आवाज जिथे बंद होतो तिथून पाऊण ते एक फेरा आणखी. बस. तुमचे काही नट दोन फेरे पुढे गेले होते. तसं केल्याने आवाज दबतो हे खरं, पण व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि पुढे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. आयडलिंगला, म्हणजे उभ्या उभ्या चालू असताना, गाडी मिसिंग मारत (अडखळत) होती ती त्यामुळेच. ते मिसिंग आता गेलंय, त्याबद्दल मात्र तुमच्या लिहिण्यात एक अक्षर नाही.

आधी बंद इंजिनावर सेटिंग केलं. एक नंबरचा सिलिंडर फायरिंगच्या टॉपला (पिस्टन अगदी वर) आणून आठ व्हॉल्व्ह, क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून उरलेले आठ. मग इंजिन चालू ठेवून प्रत्येक नट पुन्हा तपासला. पाव फेरा द्यायचा, दहा सेकंद थांबायचं, इंजिन सुरळीत झालं की पुढचा पाव. एकदम पिळला तर टॅपेटमधलं ऑइल निघायला वेळ मिळत नाही, व्हॉल्व्ह उघडा राहून पिस्टनला लागू शकतो, पुशरॉड (टॅपेट आणि रॉकरमधली दांडी) वाकतो. कव्हर उघडं ठेवून हे करताना ऑइल उडतं, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळकांड्यावर, पडतं. वाटेत तुम्हाला जो जळका वास आला तो त्याचाच होता, गाडी पेटणार नव्हती.

हे बरोबर झालं की नाही ते पुन्हा गार इंजिनावरच कळणार. झाली दुसरी रात्र!

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टरला दोन-तीन सेकंद टिकटिक झाली आणि थांबली. रात्री काही टॅपेटमधलं ऑइल उतरतं, ते भरेपर्यंत जुन्या इंजिनात एवढं चालतं. पण उजव्या बाजूने दुसरी टिकटिक चालूच राहिली. ती टॅपेटची नाही. मॅनिफोल्डच्या जोडातलं पॅकिंग फुंकतंय, म्हणजे तिथून धूर गळतोय, जोडावर काजळी धरलीय. तुम्हाला बोनेट उघडून बोट लावून दाखवली होती. "लग्नं उरकू दे, मग बघू," हे शब्द तुमचे, साहेब. तुम्ही स्वतःच लिहिलंय की आवाज दहा मिनिटांनी आपोआप थांबतो. मॅनिफोल्ड तापून फुगलं की फट मिटते, मग आवाज थांबणारच. त्याच्यासाठी मी नट आणखी आवळले असते तर हा आवाज तसाच राहिला असता आणि पुढे व्हॉल्व्ह जळून हेड उतरवावं लागलं असतं.

बाकी तुमची सूचना मान्य. यापुढे काय केलं आणि काय राहिलं ते बिलावर लिहून देऊ, फोनचंही बघतो. पॅकिंग मागवून ठेवतो, मजुरी घेणार नाही, फक्त सामानाचे पैसे द्या. एखादा बोल्ट तुटला तर वेळ लागेल, ते आत्ताच सांगून ठेवतो. आणि गाडी आदल्या संध्याकाळीच आणून सोडा.