नाश्त्याला जाऊया म्हणाली भाची

सांगलीतनं रात्री अकराची एसटी पकडली की पहाटे पाचच्या आतबाहेर स्वारगेट. माझं पोट एसटीपेक्षा वेळेचं पक्कं, साडेसहाला त्याला चहा आणि खारी लागतेच. भाचीच्या फ्लॅटवर पोचलो, आंघोळ केली, सात वाजले तरी किचनमध्ये कसली हालचाल नाही, शेवटी मीच दोनदा खाकरलो. तर म्हणाली, "मामा, आज घरी काही करत नाही, तुम्हाला मस्त बेकरीत नेते." बेकरी म्हटल्यावर मी खूष, आमच्या गल्लीतली बेकरी पहाटेच शटर वर करते. ही साडेआठला उघडणार होती. आणि सव्वाआठलाच बाहेर पंधरा-वीस जणांची रांग, त्यात दोन कुत्री. रेशनच्या रांगेत उभा राहिलोय, रॉकेलच्या राहिलोय, पण पावासाठी रांग हे आयुष्यात पहिल्यांदाच.

आत काचेच्या कपाटात सगळ्या मिळून आठ-दहा वस्तू, आणि दोन वस्तूंच्या मध्ये एवढी मोकळी जागा की आमच्या बेकरीवाल्यानं तिथं दोन किलो नानकटाई बसवली असती. पाटी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. क्रोसाँ २२०. मी आपलं अक्षरं जुळवत "क्रॉइसंट द्या" म्हणालो तर काऊंटरवरचं पोरगं अगदी नम्रपणे "वन क्वासाँ, सर" म्हणालं, म्हणजे पैसे माझे जाणार आणि वर शुद्धलेखनही माझंच तपासणार.

पोरगं बोलकं होतं पण. म्हणालं हे करायला तीन दिवस लागतात. पिठात लोण्याची थंडगार लादी घालून लाटायचं, तिघडी घालायची, फ्रीजमध्ये ठेवायचं, परत लाटायचं परत तिघडी, असं तीनदा केलं की लोण्याचे २७ थर होतात, मधे लोणी वितळलं तर सगळं मुसळ केरात, आणि ओव्हनमध्ये त्या लोण्यातल्या पाण्याची वाफ होऊन थर फुलतात. मी म्हटलं, अरे ही तर आपली खारी! पोराचा चेहरा पडला, भाचीनं कोपर मारलं. पण मी काय खोटं बोललो का? खारीलाही अशाच घड्या घालतात, फक्त तिच्यात यीस्ट नसतं आणि लोण्याच्या जागी बहुतेक वनस्पती तूप असतं. मग त्यानं हेही सांगितलं की हे मूळचं फ्रान्सचं नाहीच, ऑगस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियातल्या माणसानं १८३०च्या दशकाच्या शेवटी पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, तिथनं हे सगळं सुरू झालं. म्हणजे भडंग सांगलीचं का जयसिंगपूरचं, तसलंच प्रकरण.

चहा मागितला तर कॅमोमाइल आहे म्हणाले. दूध घातलेला पाहिजे म्हटल्यावर भाचीनं माझ्यासाठी टर्मरिक लाटे सांगितलं, २८० रुपये. आलं. एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. हळदीचं दूध! ज्या गावच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याच्या शेजारी हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे, तिथला माणूस पुण्यात येऊन २८० रुपयांची हळद पितोय. खोकला झाला की आई हेच नाक दाबून पाजायची, तेव्हा पळून माडीवर जायचो.

बसायला एकच लांब टेबल, सगळ्यांनी मिळून. शेजारी एक मुलगा लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये. काटा-सुरी दिली होती, सुरी लावली आणि क्रोसाँ फुटलंच की हो, पापुद्रे माझ्या शर्टवर, मिशीत, आणि चार-पाच त्याच्या कीबोर्डवर. मी फुंकर मारली. ती मारायला नको होती.

चव मात्र झकास, खोटं कशाला बोलू. पण पोट भरलं असं काही वाटेना. आईसाठी एक बांधून घेतलं. तीन क्रोसाँ, माझी हळद, भाचीची २६० ची कॉफी, वर पाच टक्के जीएसटी, झाले १२६०. भाची मोबाइल काढत होती पण मामा असताना भाचीनं पैसे द्यायचे नसतात, हा नियम ज्यानं केला तो २२० च्या क्रोसाँच्या आधीच गेला असणार. दुपारी स्वारगेटला गुपचूप दोन वडापाव खाल्ले तेव्हा कुठं जिवात जीव आला.

खोका सांगलीपर्यंत मांडीवर सांभाळत आणला, कराडला लघवीला उतरलो तेव्हासुद्धा हातात. आईनं उघडला, बोटानं दाबून बघितलं.

"एवढ्या लांबनं खारी आणलास, ती पण सादळलेली?"

मी गप्प.

"केवढ्याला दिली?"

"वीस रुपये," मी म्हटलं.

"वीस? एका खारीला?" आईनं ती चहात बुडवली. "फसवलं बघ तुला."